सावली जागेवरच आहे

मी तोंडाची फटकळ आहे, हे आधीच सांगून टाकते. चित्रकलेच्या शाळेत सत्तावीस वर्षं शिकवते आहे आणि एवढ्या वर्षांत मी ज्याला ओरडले नाही असा माणूस शाळेत औषधालाही सापडायचा नाही. सगळ्यांत जास्त ओरडले असेन ती पडदेकाकांवर, कारण ते उलट बोलायचे नाहीत. ही हकिगत त्यांची आहे. ती मला नीट सांगता येईल की नाही कोण जाणे, कारण यात कोण बरोबर आणि कोण चूक हा गुंता माझ्याच डोक्यात अजून सुटलेला नाही.

पडदेकाका आमच्या शाळेतले शिपाई. खरं नाव हजेरीपुस्तकात असेल, पण ते बघायची वेळ कधी आली नाही. त्यांच्याकडे वस्तुचित्राचा हॉल होता. हॉलला एका बाजूला ओळीने सहा खिडक्या, प्रत्येकीला जाड करडा पडदा. मधोमध एक टेबल, त्यावर पांढरं कापड, कापडावर किटली, बाटली, दोन लिंबं असं काहीबाही मांडायचं आणि मुलांनी भोवती अर्धगोल बसून ते काढायचं. बाहेरच्या माणसाला वाटतं, हे लोक किटली काढतात. किटली कोण काढतंय! उजेड कुठून येतो, कुठे अडतो, अडला की सावली कुठवर जाते, हे काढायचं असतं. ते जमलं की किटली आपोआप होते. आणि तो उजेड द्यायचं काम काकांचं.

"काका, तिसरा पडदा दोन बोटं!" मी हॉलच्या या टोकावरून ओरडायची. ते दोन बोटं सरकवायचे. "अजून एक!" अजून एक. मग मला न विचारता अर्धं बोट मागे घ्यायचे आणि लांब जाऊन मान तिरकी करून बघायचे. नेमकं तेच बरोबर असायचं. मला असा राग यायचा म्हणून सांगू! पण त्या अर्ध्या बोटाने किटलीच्या पोटावर उजेड असा काही बसायचा की वर्गातल्या आळशांच्या राजाचाही हात पेन्सिलीकडे जायचा.

आमचा एक जुना विद्यार्थी आता मोठा चित्रकार झालाय. प्रदर्शनं काय, सत्कार काय. तो वर्षातून दोनदा शाळेत येतो, आणि मला वाटायचं मला भेटायला येतो. कसलं काय! मला नमस्कार ठोकून सरळ हॉलमध्ये. "काका, सुचणं बंद झालंय. जरा सावली लावा." काका एक पडदा उघडायचे, दुसरा अर्धा मिटायचे, रिकाम्या टेबलावर नुसती एक खुर्ची उलटी ठेवायचे. हा आपला तासभर त्या खुर्चीच्या सावलीकडे बघत बसायचा आणि जाताना चेहरा उजळलेला असायचा.

"बाई, त्यांना यात सापडतं तरी काय हो?" एकदा काकांनी मला विचारलं.

"प्रेरणा," मी म्हटलं.

"ती कुठून येते?"

"खिडकीतून. तुम्ही पडदा उघडलात तर."

मी थट्टा केली होती. दुसऱ्या दिवशी बघते तर काका शिडी लावून सहाही खिडक्यांच्या काचा पुसत होते. विचारलं तर म्हणाले, "तुम्हीच म्हणालात ना, इथूनच येते म्हणून." सांगितलेलं शब्दाला शब्द करायचं, हा त्यांचा गुण म्हणा की खोड म्हणा. मी तरी तेव्हा हसून सोडून दिलं.

दुसरी एक गंमत. कपाटातून कालचीच किटली आणा म्हटलं, तर ते हिरवी घेऊन आले. काल लाल होती. "अहो, डोळे आहेत का भोकं? काल कुठल्या रंगाची होती?" काका विचारात पडले. खरोखर विचारात पडले! "रंग नाही बघितला बाई. तिची सावली बुटकी पडत होती, कडेला पातळ." दिवसभर पाच तास ती किटली समोर होती आणि या माणसाने ती पाहिलीच नव्हती. स्टाफरूममध्ये मी हे रंगवून सांगितलं आणि सगळे पोट धरून हसले.

काकांची लेक लहानपणापासून हॉलमध्येच वाढली. आई लवकर गेली, घरी कुणी नाही, म्हणून शाळा सुटली की इकडे यायची आणि मागच्या बाकावर बसून काढत राहायची. हात चांगला. पुढे मीच तिला रविवारी घरी बोलावून शिकवायला लागले. आमच्या शाळेत प्रवेश मिळावा हा एकच ध्यास, तिचाही आणि बापाचाही. पहिल्या वर्षी चार गुणांनी हुकलं. दुसऱ्या वर्षी परीक्षेच्या दिवशी तापाने फणफणली. हे तिसरं वर्ष शेवटचं, कारण वयाची अट होती. यंदा नाही तर कधीच नाही.

परीक्षेच्या आदल्या दिवशी काका माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले.

"बाई, उद्या रजा हवी होती."

"उद्या? अहो, उद्या प्रवेशपरीक्षा!"

"म्हणूनच. पोरगी बसतेय ना. नियम आहे म्हणतात, नातेवाईक हॉलमध्ये नको."

नियम होता. मला तो माहीत होता. पण तेवीस मुलं, बाहेरून येणारे परीक्षक आणि सहा पडदे मला दिसत होते. "तुम्ही रजेवर गेलात तर पडदे काय शेजारीपाजारी येऊन लावणार आहेत? तुम्ही पडदे लावायचेत, पेपर तपासायचे नाहीत. मुकाट्याने साडेनऊला या." ते थोडे घुटमळले. मग "बरं" म्हणून गेले.

परीक्षेच्या दिवशी सगळ्या खिडक्या बंद करून कोपऱ्यात एक मोठा दिवा लावतात. दिवा हलत नाही, म्हणून सावलीही हलत नाही. सकाळी तीन तास, जेवणाची सुट्टी, मग दोन तास, आणि सावली तिथल्या तिथे. त्या दिवशी बरोबर पावणेदहाला दिवा गेला. दुसरा बल्ब आणला तर तो बसेना. मुलं बाहेर ताटकळलेली, परीक्षक घड्याळ बघताहेत, माझं डोकं तापलेलं. मी म्हटलं, चौथी खिडकी उघडा, उन्हाच्या उजेडात परीक्षा घेऊ. सूर्य सरकतो हे मला काय कळत नव्हतं? मुलांना मी बजावलं की सावलीची कड आत्ताच कागदावर बांधून घ्या, नंतर ती फिरेल, तिच्या मागे धावू नका. काकांनीही आपल्या रिवाजाप्रमाणे कापडावर खडूने सावलीच्या कडेकडेने बारीक रेघ ओढली. आणि त्यांच्यापाशी जाऊन मी म्हटलं, जसं मी नेहमीच म्हणते, "आज सावली हलता कामा नये हं काका. हलली तर माझ्याशी गाठ आहे."

रागाच्या भरात बोलले होते. सूर्य काय काकांच्या खिशात होता?

एक वाजता सुट्टी झाली. मुलं डबे घेऊन अंगणात गेली, परीक्षकांना मी चहाला नेलं, हॉलमध्ये काका एकटेच राहिले. पाऊण तासाने मुलं परत येऊन बसली.  मग एकीने हात वर केला. "बाई, माझ्या किटलीची तोटी दिसत नाही." मागून एक म्हणाला, "मला सकाळी कान दिसत होता, आता तोटी दिसतेय." तिसऱ्याने स्टूलच उचललं आणि तो आपली जुनी जागा शोधायला लागला. कुणी खोडतंय, कुणी उठतंय, एक पोरगी रडायलाच लागली. मला क्षणभर वाटलं, मलाच भोवळ येतेय. किटली तीच, बाटली तीच, लिंबं तीच, आणि तरी काहीच जागेवर नाही!

मी टेबलापाशी गेले. टेबलाचे पाय सकाळच्या जागी नव्हते. अख्खं टेबल अलगद, चांगलं पाव वळण फिरवलेलं होतं. दोन पायांखाली पुठ्ठ्याच्या घड्या होत्या. लिंबू घरंगळू नये म्हणून त्याला खडूचा तुकडा टेकवलेला होता. आणि किटलीची सावली कापडावरच्या सकाळच्या रेघेत तंतोतंत बसलेली होती, एक केसभरही इकडे तिकडे नाही.

"काका, हे काय केलंत तुम्ही!" मी किंचाळले.

"काय झालं बाई?" ते खरोखरच गोंधळले. टेबलाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, परत टेबलाकडे. "सावली जागेवरच आहे."

"सावली आहे हो! किटली फिरली त्याचं काय?"

त्यांनी किटलीकडे असं बघितलं की जणू ती आत्ताच कुणी तिथे आणून ठेवली होती. चेहरा पांढराफटक पडला. परीक्षक म्हणाले, परीक्षा थांबवा.

दुसऱ्या दिवशी मोठ्या सरांच्या खोलीत चौकशी बसली. मोठे सर म्हणजे आमचे मुख्याध्यापक. त्यांना चित्रातलं सगळं कळतं, माणसातलं जरा कमी. त्यांच्यासमोर काकांच्या लेकीचा कागद होता. "ही मुलगी यांची," ते म्हणाले. "सकाळी हिच्या जागेवरून किटलीची तोटी बरोबर समोर येत होती. ते काढणं सगळ्यांत अवघड. टेबल फिरल्यावर तोटी आडवी दिसायला लागली. सोपी! फायदा झाला तो फक्त हिचा. आता बोला."

"पण तिने सोपी काढलीच नाही," मी म्हटलं. कागद सगळ्यांना दिसत होता. पोरीने सुट्टीनंतर एक रेघही बदलली नव्हती. तोटी तशीच समोर येणारी, अवघड, सकाळची.

"म्हणजे तिला माहीत होतं!" मोठे सर म्हणाले. "माहीत नसतं तर बाकीच्यांसारखी तीही गोंधळली असती."

घ्या! काढलं असतं तर लबाड, नाही काढलं तरी लबाड. पोरगी दाराशी उभी होती. म्हणाली, "टेबल फिरलंय हे मला बसल्याबरोबर कळलं. कुणी फिरवलं तेही कळलं. मग मी मान वरच केली नाही." ती बापाकडे बघत नव्हती.

आता मी बोलायला हवं होतं. रजा मागायला आले होते, मी दिली नाही. सावली हलू द्यायची नाही, हे मी बजावलं. एवढी दोनच वाक्यं. ती माझ्या ओठांपर्यंत आली होती, शपथ! तेवढ्यात काका पुढे झाले.

"साहेब, बाईंनी मला रजा घ्यायला सांगितलं होतं. मीच ऐकलं नाही. टेबल मी मुद्दाम फिरवलं. पोरीला सोपं जावं म्हणून. तिला यातलं काही माहीत नव्हतं."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. लाल किटली आणि हिरवी किटली यांतला फरक न कळणारा माणूस, तोटी कुणाला कशी दिसते याचा हिशेब करून टेबल फिरवणार? माझा विश्वास बसेना. पण मग मनात आलं, आपण तरी काय ओळखतो या माणसाला? बाप आहे. बापाला एवढं नसेल का सुचलं? मी अशी दोन्हीकडून हेलकावे खात उभी होते, आणि तेवढ्या वेळात मोठ्या सरांनी जबाब लिहून काकांची सही घेतलीसुद्धा.  सत्तावीस वर्षं ज्याच्या त्याच्यावर तोंडसुख घेणारी मी, त्या दिवशी माझी वाचा बसली.

निकाल असा लागला: सगळ्यांची परीक्षा पुन्हा घ्यायची. मुलीने फायदा घेतला नाही, म्हणून तिलाही बसू द्यायचं. काकांना हॉलमधून काढून तळमजल्यावर जुन्या कागदांच्या खोलीत टाकायचं. फेरपरीक्षेला दिवा नवा होता, पडदे मी लावले, आणि ते कसे लागले होते याबद्दल मी काही बोलत नाही. पोरगी तिसरी आली. प्रवेश मिळाला.

दोन महिने मी तळमजल्याकडे फिरकले नाही. मग एके दुपारी गेले. खोलीला खिडकी नाही. चार ट्यूबलाइट, चहूकडून सारखा पांढरा उजेड. काका फायलींना दोऱ्या बांधत होते. मला बघून उठून उभे राहिले.

"बसा हो," मी म्हटलं. "काका, खरं सांगा. मुद्दाम फिरवलंत?"

"बाई, मी किटली कशाला फिरवीन? मी सावली जागेवर आणली. तुम्ही सांगितलं होतं."

"मग खोटं का बोललात? मी रजा घ्यायला सांगितली म्हणे! मी तर नाही म्हटलं होतं!"

ते दोरीची गाठ मारत राहिले. "तुमचं नाव आलं असतं तर तुम्हाला काढलं असतं. आणि बाईंना माहीत असून बाप आत होता म्हटल्यावर पोरीलाही बसू दिलं नसतं. मला काढून काय जायचं? पडदे कुणीही लावतं."

"कुणीही लावत नाही," मी म्हटलं. आवाज चढवला. "लेक काय म्हणते?"

"बोलत नाही ती माझ्याशी. त्या दिवसापासून. बाप लबाड निघाला असं वाटतं तिला. वाटणारच." मग पटकन म्हणाले, "ताट वाढून ठेवते. जेवते समोर बसून. बोलेल कधीतरी."

तिथून मी तडक मोठ्या सरांकडे गेले आणि सगळं ओकले. त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुसला. "लिहून द्या," ते म्हणाले आणि कोरा कागद पुढे सरकवला. "मात्र एक लक्षात घ्या. तुमच्या संमतीने बाप हॉलमध्ये होता असं कागदावर आलं की मुलीचा प्रवेश मला रद्द करावा लागेल. वय उलटलंय तिचं. पुन्हा बसता येणार नाही." इकडे आड, तिकडे विहीर! मी पेन उघडलं, मिटलं. उद्या देते म्हणाले आणि बाहेर पडले. तो उद्या काही आला नाही. पोरीसाठी थांबले की माझ्या नोकरीसाठी, हे मी स्वतःला कितीदा विचारलं, आणि दर वेळी उत्तर वेगळं आलं.

काल वर्ग सुटल्यावर काकांची लेक मागे राहिली. कागद गुंडाळत होती, पण गुंडाळून होईना. शेवटी म्हणाली, "बाई, एक विचारू? बाबांना असं करायची काय गरज होती हो? मला ती तोटी येत होती. त्यांनी माझ्यावर विश्वास का नाही ठेवला?"

एवढे महिने पोरगी हे पोटात घेऊन फिरत होती! बाप लबाड आहे याचं नाही, बापाला आपण कच्चे वाटलो याचं दुःख करत होती. माझं सगळं आड आणि विहीर तिथल्या तिथे संपलं. मी सांगून टाकलं. रजेचं, नाही म्हटल्याचं, बजावल्याचं, खोट्या जबाबाचं, कोऱ्या कागदाचं, सगळं. मोठे सर काय म्हणाले तेही सांगितलं, म्हणजे खरं बोललं तर तिची जागा जाईल हेही.  शेवटी तिने एवढंच विचारलं, "त्यांनी रजा मागितली होती?"

"हो. तुझ्यासाठीच."

"तळमजल्यावर कुठली खोली?"

बापाची खोली कुठे आहे हेही तिला माहीत नव्हतं. मी म्हटलं, जिन्याखाली शेवटचं दार. आणि मग, राहवलं नाही म्हणून, "अगं, आणि जागेचं?"

"जागेचं नंतर बघू," ती म्हणाली आणि धावत सुटली. कागद तिथेच पडला.

मी जिन्याच्या वरच्या पायरीवर उभी राहिले. माझे पाय पुढेही जाईनात आणि मागेही. खालून दार उघडल्याचा आवाज आला.  मग पोरीच्या रडण्याचा आवाज, आणि त्यावर काकांचा, मोठ्याने, अख्ख्या जिन्यात घुमेल असा: "बाईंनी सांगितलं? बाईंना कुणी सांगितलं होतं सांगायला! काही अक्कल आहे का त्या बाईला? आता तुझी जागा गेली म्हणजे?"

इतक्या वर्षांत ते माझ्यावर पहिल्यांदा ओरडत होते. मी जिन्याचा कठडा धरून खाली बसले आणि ढसाढसा रडले.